दोन फुटी टाकी आणि पंचेंद्रिय जीव



आपल्या माण-हिंजवडीच्या नव्या सोसायट्यांमध्ये गृहप्रवेशाला हल्ली तीन भेटी हमखास येतात. भिंतीवरचं घड्याळ, बांबूचं रोप आणि काचेच्या गोल भांड्यात फिरणारे दोन लाल मासे. घड्याळ आणि बांबूबद्दल माझी काही तक्रार नाही. पण ते भांडं आता आपल्या श्रावकांच्या घरातही दिसायला लागलंय. ते जिच्या हॉलमध्ये असतं ती बाई पाणी गाळून पिणारी, दिवस मावळायच्या आत जेवणारी, बटाटा घरात न आणणारी असते. गोल भांडं लहान पडतं हे कळल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "काकू, दोन फुटी टाकी घेतोय, त्यात कोणते मासे बरे?"

मला विचारतात, कारण माझी शेजारीण कित्येक वर्षं मासे पाळते. ती गावाला गेली की किल्ली माझ्याकडे असते, वीज जाऊन आल्यावर पंप परत सुरू झाला का ते बघायला. खाद्याला मी हात लावत नाही, त्याचं कारण पुढे सांगते. तिच्याकडून ऐकून, बघून आणि थोडं वाचून मला त्यातलं बऱ्यापैकी कळतं. आणि कळतं म्हणूनच माझं उत्तर आहे: कोणतेच नकोत. हे उत्तर कोणाला आवडत नाही, म्हणून आज जरा सविस्तर भांडणार आहे.

आधी वास्तूचं बघू, कारण बहुतेक भांडी त्याच वाटेने घरात शिरतात. ईशान्य कोपऱ्यात पाणी ठेवा, पाण्यात नऊ मासे सोडा, आठ लाल-सोनेरी आणि एक काळा. हा हिशोब चिनी फेंगशुईतला. त्याला आपल्याकडे वास्तुशास्त्राचा अंगरखा चढवलाय, एवढंच. आणि मासा मेला की म्हणायचं, "घरावरचं संकट त्याने स्वतःवर घेतलं." मग नवा आणून सोडायचा.

हे वाक्य जैन बाईच्या तोंडून ऐकलं की मला राग आवरत नाही. ज्याचं कर्म त्यानेच भोगायचं, हे आपण पाठशाळेत पहिल्या वर्षी शिकतो. तीर्थंकरांनाही दुसऱ्याचं कर्म आपल्याकडे ओढून घेता येत नाही. मग मुठीत मावणारा मासा तुमच्या गृहकर्जाचं आणि मुलाच्या नोकरीचं संकट कसं घेणार? समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात तीन मूढता सांगितल्या आहेत, त्यातली पहिली लोकमूढता. सगळे करतात म्हणून करायचं. दर चातुर्मासात आपण ते ऐकतो, मान डोलावतो, आणि घरी येऊन काळ्या माशाला नमस्कार करतो!

तो मासा का मेला, ते ऐका. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. नदीत तो वाहून जातो, भांड्यात साठत राहतो. जुन्या, मुरलेल्या टाकीत फिल्टरच्या स्पंजावर आणि तळाच्या खड्यांवर बॅक्टेरिया वाढलेले असतात. ते अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानाने सौम्य असतं. पण ही वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. गृहप्रवेशाच्या दिवशी नळाचं पाणी भरून मासे सोडले, की त्यांना स्वतःच्याच विषात पोहावं लागतं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मासा पोट वर करून तरंगतो, आणि आपण म्हणतो संकट टळलं. संकट नव्हतं हो घरावर. अमोनिया होता. आणि तो त्या जीवावर आपण आणला होता.

आपल्या माणच्या पाण्याने त्यात भरच पडते. इथल्या किती सोसायट्या टँकर आणि बोअरवर चालतात ते तुम्हाला माहीत आहे. बोअरचं पाणी इतकं जड की नळाच्या तोंडाला पांढरा थर धरतो. टँकरच्या पाण्याला एखाद्या दिवशी क्लोरीनचा असा भपकारा की डोळे चुरचुरावेत, एखाद्या दिवशी काहीच नाही. क्लोरीन माशाचे कल्ले जाळतं. पाणी दिवसभर उघडं ठेवून किंवा औषधाचे थेंब टाकून ते घालवावं लागतं. नवं पाणी आणि जुनं पाणी यांच्या तापमानात फार फरक चालत नाही. दोन फुटी टाकीचं दर आठवड्याला दहा-पंधरा लिटर पाणी बदलायचं. हे सगळं कोण करणार? दुकानात टाकी पसंत करायला मुलगा आणि त्याचे बाबा जातात. बादल्या उचलायला आपण असतो.

आता तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर देते, नाहीतर म्हणाल, काकूंना काही ठाऊक नाही म्हणून नको म्हणतात.

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत काठोकाठ छप्पन लिटर पाणी बसतं. खडे आणि वरची मोकळी जागा सोडली तर पंचेचाळीसच्या आसपास. गोल्डफिश यात बसत नाही. तो कार्प जातीचा, चीनमध्ये हजार वर्षांपूर्वीपासून पाळलेला मासा. साधा गोल्डफिश वीत-सव्वा वीत वाढतो आणि दहा-पंधरा वर्षं जगू शकतो. इंग्लंडमध्ये १९५६ साली एका जत्रेत बक्षीस म्हणून मिळालेला गोल्डफिश १९९९ मध्ये मेला, त्रेचाळीस वर्षांचा होऊन. आणि आपल्याकडे तो तीन महिने टिकला की "छान टिकला हो" म्हणतात! इटलीत मोंझा शहराने २००४ मध्ये आणि रोमने २००५ मध्ये गोल्डफिश गोल भांड्यात ठेवण्यावर बंदी आणली. मांसाहारी लोकांची ही शहरं. आपल्याकडे केंद्र सरकारने २०१७ मध्ये मासे विकणाऱ्या दुकानांसाठी नियम काढले होते, ते पुढे मागे घेतले गेले. म्हणजे कायद्याने तुम्हाला कोणी अडवणार नाही. पण आपण रात्री जेवत नाही ते काय पोलीस धरतात म्हणून?

निऑन टेट्रा अंगठ्याच्या नखापेक्षा जरा मोठा, पण तो थव्याने राहणारा. सहा-आठ तरी हवेत, आणि पाणी हवं अमेझॉनच्या खोऱ्यातल्यासारखं मऊ. आपल्या बोअरच्या पाण्याच्या अगदी उलटं. एंजल वाढला की त्याला उंच टाकी लागते, आणि तो त्या निऑनलाच खातो. सकर मासा "टाकी साफ ठेवतो" म्हणून बोटाएवढा विकतात, तो हातभर होतो. फ्लॉवरहॉर्न, ज्याच्या कपाळावरचं टेंगूळ शुभ मानतात, तो निसर्गात नाहीच. मलेशियात १९९० च्या दशकात संकर करून बनवलेला मासा तो, आणि इतका आक्रमक की शेजारी कोणाला ठेवता येत नाही. अरोवाना तर वास्तुवाल्यांचा लाडका. रुपेरी अरोवाना अडीच-तीन फूट होतो. दोन फुटी टाकीत तीन फुटी मासा!

फायटर बाटलीत ठेवून विकतात, म्हणून आपल्याला वाटतं त्याला तेवढीच जागा पुरते. त्याला डोक्याजवळ एक वेगळं इंद्रिय असतं, त्यातून तो पृष्ठभागावर येऊन हवा घेऊ शकतो, म्हणून तो बाटलीत लगेच मरत नाही. लगेच न मरणं आणि जगणं यात फरक आहे की नाही? त्याला पाणी पंचवीस अंशांच्या पुढे-मागे लागतं. पौष महिन्यात पहाटे माणला काय थंडी पडते ते आपण जाणतो. हीटरशिवाय तो कोपऱ्यात निपचित पडून राहतो, आणि आपण समजतो शांत स्वभावाचा आहे.

मग राहिलं काय? जाणकार दुकानदार प्रामाणिक असेल तर सांगेल, नर गप्पी घ्या, सहा-सात, फक्त नर. गप्पीला जड पाणी चालतं, लहान जागा पुरते. माद्या घेतल्या तर दर महिन्याला पंचवीस-तीस पिल्लं होतात, मग त्यातली कित्येक मोठे मासेच खाऊन टाकतात. तुमच्या हॉलमध्ये, तुमच्या दिव्याखाली, जेवणाच्या टेबलासमोर. म्हणून नुसते नर. मासे पाळण्याच्या शास्त्राचं उत्तर हे आहे, आणि ते बरोबर आहे.

आता आपल्या शास्त्राकडे वळते. ते सहा नर गप्पी काय खाणार?

खाद्याचा डबा हातात घेऊन मागची बारीक अक्षरं वाचा. घटक पदार्थांत बहुधा सुरुवातीलाच माशांचं पीठ असतं. पुढे कोळंबीचं पीठ. हिरव्या रंगाच्या, "शाकाहारी माशांसाठी" म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांतही ते असू शकतं. दुकानदार जास्त चांगलं खाद्य म्हणून देतो ते वाळवलेले लाल किडे, नाहीतर गटाराच्या गाळात वाढणारे जिवंत ट्युबिफेक्स. कांदा-लसूण नसलेल्या घरात, साबूदाण्याच्या बरणीशेजारी, समुद्रातून उपसून वाळवून दळलेल्या माशांचा डबा. चिमटीने तो कोण टाकणार? आपली सून, आपली नात, स्नान करून अभिषेकाला निघालेली. म्हणून मी शेजारणीच्या खाद्याला हात लावत नाही. तीही समजूतदार, खाद्य टाकणारं यंत्र लावून जाते.

एक ताई म्हणाल्या, "आम्ही त्याला उकडलेले मटार घालू." गोल्डफिश मटार खातो, सालं काढून दिले तर त्याला ते बरेही असतात, पण तेवढ्यावर त्याचं पूर्ण पोषण होत नाही. गप्पीचंही तसंच. फायटर तर जन्माने किडे खाणारा. त्याला मटार घालून ठेवणं म्हणजे उपाशी मारणं. तुमचा आहार तुम्ही व्रत म्हणून घेतलाय, त्याने घेतलेला नाही. म्हणजे पेच असा, की त्याला त्याचं अन्न द्यावं तर तुमच्या हातून हजार जीवांची हिंसा, न द्यावं तर त्या एकाची. या पेचातून सुटायची वाट एकच, त्यात न पडणं. आणि ती वाट दुकानात शिरण्याआधीच असते.

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार तुम्हाला पाठ आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात ते येतात. बैल, घोडा, चाकर डोळ्यांसमोर ठेवून ते आपल्याला शिकवतात. काचेच्या टाकीसमोर उभं राहून ते एकदा म्हणून बघा. बंध तर उघडच आहे. अन्नपाननिरोध? दिवाळीत आठ दिवस सांगलीला गेलात, फ्लॅटला कुलूप. दुकानातून घरी येण्याआधीही मासा एक-दोन दिवस उपाशी ठेवलेला असतो, प्रवासात पिशवीतलं पाणी खराब होऊ नये म्हणून. अतिभार? पंचेचाळीस लिटरात वीस मासे. छेदाबद्दल मला आधी वाटायचं की इथे तो लागू नसेल. मग पारदर्शक काचमाशांबद्दल वाचलं. आपल्याच देशातला मासा. त्याच्या अंगात सुईने निळा-गुलाबी रंग टोचतात आणि रंगीत मासा म्हणून विकतात. पॅरट नावाचा संकरित मासा असतो, त्याचं तोंड धड मिटतही नाही. त्याची शेपटी लहानपणीच कापतात, म्हणजे तो मोठेपणी बदामाच्या आकाराचा दिसतो. बदाम, प्रेमाची खूण म्हणून!

हे सगळं कशासाठी? शेतकऱ्याच्या हातून नांगरताना हिंसा होते, त्यामागे पोट असतं. आपण चूल पेटवतो, त्यामागेही गरज असते. टाकीमागे काय आहे? शोभा. प्रयोजन नसताना केलेल्या पापाला आपल्याकडे वेगळं नाव आहे, अनर्थदंड. विनाकारण पाणी सांडणं, विनाकारण झाडाचं पान तोडणं यालाही शास्त्राने त्यात धरलंय. एकेंद्रिय जीवांबद्दल इतकं सांगणाऱ्यांनी पंचेंद्रिय जीवाला शोभेसाठी कोंडण्याला काय म्हटलं असतं ते तुम्हीच सांगा.

आपल्या आज्या-पणज्या विहिरीवर दुहेरी कापडाने पाणी गाळायच्या आणि कापडावर राहिलेली जिवाणी त्याच विहिरीत, पाण्याला टेकवून, हळूच परत सोडायच्या. वरून फेकायच्या नाहीत, आपटून मरतील म्हणून. दुसऱ्या विहिरीत टाकायच्या नाहीत, तिथलं पाणी त्यांना मानवणार नाही म्हणून. डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांचं गाव कोणतं, पाणी कोणतं, याचा हा विचार. कुठल्या तरी दूरच्या तलावात वाढवलेला मासा पिशवीत घालून माणच्या टँकरच्या पाण्यात आणून सोडताना आपल्याला तो एकदाही आठवू नये?

काही जणी मला शास्त्रानेच अडवायला बघतात. "अठरावे तीर्थंकर अरनाथ भगवानांचं लांछनच मत्स्य आहे. श्वेतांबरांच्या अष्टमंगलात मीनयुगल आहे. मासा शुभच." बरोबर आहे, शुभच आहे. आदिनाथांचं लांछन बैल आहे, दहाव्या मजल्यावर बैल बांधलाय कोणी? पार्श्वनाथांचा सर्प, महावीरांचा सिंह. लांछन ओळखीसाठी असतं.

माशाचीच कथा हवी असेल तर मृगसेन धीवराची घ्या. ज्ञानसागर महाराजांनी त्यावर दयोदय चंपू लिहिलं. मासे मारून पोट भरणारा माणूस. मुनीमहाराजांकडून त्याने एवढंच व्रत घेतलं की जाळ्यात पहिला येईल त्याला सोडीन. पहिला मासा आला, त्याने खूण करून सोडला. पुन्हा जाळं टाकलं, तोच आला. असं पाच वेळा. रिकाम्या हाताने घरी गेला, बायकोने दार लावून घेतलं, बाहेर झोपला तिथे सर्पदंशाने मेला. पण व्रत मोडलं नाही. ज्याच्या घरी त्या माशावाचून चूल पेटणार नव्हती त्याने पाच वेळा सोडला. आपल्याला काय कमी आहे? हॉलचा एक कोपरा रिकामा दिसतो, एवढंच ना?

"पण मुलांना जीवदया कळते हो, प्राण्यांशी नातं जुळतं." हा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही, कारण तो आईच्या मनातून येतो. पण मूल प्रत्यक्षात काय शिकतं ते बघा. पहिला मासा मेला की रडतं. दुसरा मेला की विचारतं, नवा कधी आणायचा. तिसरा मेला की बाबा तो कमोडमध्ये टाकून पाणी सोडतात आणि मूल टीव्हीवरून मान वळवत नाही. जीव संपला की दुकानातून दुसरा मिळतो, हे शिक्षण झालं. मुलांना तंदुल मत्स्याची गोष्ट सांगतो आपण, तांदळाएवढा मासा, नुसत्या मनातल्या हिंसेने सातव्या नरकात गेला. म्हणजे माशाला मन आहे हे आपल्या परंपरेने कधीच मानलंय. परदेशी शास्त्रज्ञांना ट्राउट माशाच्या ओठांना वेदना होतात हे २००३ साली प्रयोगाने दाखवावं लागलं. त्यासाठी त्या ओठांत विष टोचलं, ते दुःख वेगळंच.

मुलांना मासे दाखवायचे असतील तर इथून पौड, मुळशी करत ताम्हिणी घाट उतरा आणि महाडच्या बाजूला बिरवाडीजवळ वाळणकोंडला जा. नदीचा खोल डोह, काठी वरदायिनी देवी, आणि डोहात मोठमोठे महाशीर. देवीचे मासे म्हणून तिथे त्यांना कोणी धरत नाही. पालघर जिल्ह्यात वाड्याजवळ तिळसेश्वरालाही असंच आहे. त्या गावांतल्या लोकांच्या जेवणात इतरत्र मासे असतील, पण तेवढ्या पाण्यात ते हात घालत नाहीत. वाहत्या पाण्यात, स्वतःच्या मर्जीने वर येणारा मासा बघितल्यावर मूल टाकीसाठी हट्ट करेल का, ते करून बघा.

आता एक गोष्ट हात जोडून सांगते. हे वाचून कोणाला पश्चात्ताप होईल आणि ती टाकीतले मासे नांद्याच्या पुलावरून मुळेत सोडून येईल. तसं करू नका. महावीर जयंतीला दुकानातून मासे विकत घेऊन नदीत सोडतात, तेही नको. एक तर तुम्ही विकत घेतल्याने दुकानदार पुढच्या आठवड्यात तेवढेच परत मागवतो. दुसरं म्हणजे परक्या पाण्यात ते बहुतेक मरतात. आणि जे जगतात ते आणखी वाईट करतात. बाहेरून आणलेल्या चिलापीने उजनीत काय केलं ते सोलापूरकडच्या मैत्रिणींना विचारा, तिथले जुने मासे हटत गेले. टाकीतला सकर कोलकात्याच्या पूर्वेकडच्या पाणथळीत पसरलाय. अभयदान द्यायला जाऊन नदीतल्या जीवांच्या पोटावर पाय येतो.

तीच गोष्ट गप्पीची. डासांच्या अळ्या खातात म्हणून सोसायटीच्या कारंज्यात गप्पी सोडायचं आमच्या कमिटीत निघालं होतं. मी हात वर करून विरोध केला. अळ्या आपण मारायच्या नाहीत, त्यासाठी मासा नेमायचा, हा कुठला धर्म? कारंजं आठवड्यातून एकदा कोरडं करा, पाण्याच्या टाक्या झाका. आरोग्य खात्याचा कोरडा दिवस हा मला अगदी आपल्या धर्मातला नियम वाटतो. जीव जन्मालाच येऊ नये अशी व्यवस्था केली की मारायचा प्रश्न उरत नाही. कारंजं तसंही टँकरच्या पाण्यावर चाललं होतं, त्यामुळे खर्चाच्या मुद्द्यावर माझं म्हणणं लगेच पटलं. अहिंसेच्या मुद्द्यावर किती पटलं कोण जाणे.

ज्यांच्या घरी मासे आधीच आहेत त्यांनी मात्र माझ्यावर रागावून टाकी गॅलरीत ढकलायची नाही. ते जीव आता तुमच्या आधाराने आहेत. आपल्या लोकांनी पांजरपोळ काढले, मुंबईचा भुलेश्वरचा १८३४ सालचा, ते टाकलेल्या जनावरांना शेवटपर्यंत सांभाळायला. तसं सांभाळा. गोल भांडं असेल तर आजच्या आज मोठी टाकी बघा. फिल्टरचा स्पंज नळाखाली खळाखळा धुऊ नका, त्यातली वस्ती मरते आणि पुन्हा अमोनिया सुरू होतो. टाकीतलंच पाणी बादलीत काढून त्यात हलक्या हाताने पिळा. खाद्य चिमूटभर, दोन मिनिटांत संपेल इतकंच, उरलेलं कुजतं. गावाला जाताना वीज आणि किल्ली कोणावर सोपवली ते ठरवून जा. खाद्याला हात लावणं मनाला जड जात असेल तर मासे चांगल्या सांभाळणाऱ्या घरी द्या, ओळखीच्या, बघून. त्या घरी ते खाद्य लागणारच आहे, त्यामुळे आपला दोष पूर्ण सुटला असं मी म्हणणार नाही. महाराजांना विचारून प्रायश्चित्त घ्या. पण एक मेला की त्या जागी दुसरा आणू नका. टाकी एक दिवस रिकामी होईल, ती होऊ द्या.

शेजारणीने मोठी टाकी घेतली तेव्हा तिची तीन फुटी जुनी टाकी मी मागून घेतली. गॅलरीत झाकून ठेवली आहे, फिल्टर आणि झाकणासकट. माण-हिंजवडीत ज्यांच्याकडे गोल भांड्यात गोल्डफिश आहेत त्यांनी येऊन घेऊन जावी. पैसे नकोत. मुरलेला स्पंज शेजारीण तिच्या टाकीतून काढून देईल म्हणाली आहे, म्हणजे पहिले महिनाभर हाल होणार नाहीत. न्यायला दोन माणसं लागतील, काच जड आहे. मासे त्यांचं आयुष्य जगून संपले की टाकी मला परत करायची, पुढच्या कोणाला लागेल.